अध्यक्षांना आवतण

पहिली भाकरी संपत आली की ते डावा हात ताटावर आडवा धरायचे आणि म्हणायचे, "बस. एकदा न्हाई म्हणलं म्हंजे न्हाई. आग्रह करू नका."

हिंगोलीत त्या काळी ज्यांच्या घरी ते जेवले असतील, त्या सगळ्यांना तो हात आठवत असेल. वाढणारी बाई त्या हातापुढं गडबडून जायची. आमच्याकडं पाहुण्यानं नाही म्हणायचं, घरच्यांनी तरी वाढायचं, पाहुण्यानं पुन्हा नाही म्हणायचं, घरच्यांनी पुन्हा वाढायचं, आणि तिसऱ्या खेपेला 'तुमी काई ऐकत न्हाई बुवा' म्हणत पाहुण्यानं पोटभर खायचं, अशी रीत. हे पहिल्याच डावात उठून हात धुवायला जात.

सारं गाव त्यांना अध्यक्ष म्हणे. न्हावी म्हणे, पाणी आणणारा म्हणे, कचेरीतले शिपाईही म्हणत. त्यांचं खरं नाव मला माहीत होतं, पण ते मी कधी तोंडानं उच्चारलं नाही आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलंही नाही. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. नावानं हाक मारणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

ते अध्यक्ष होते आमच्या पक्षाच्या तालुका शाखेचे. पक्षाचं नाव मी सांगत नाही. निजामी अमलात ते मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती, आणि पुढं आम्हाला ती सवयच लागली. सभा घ्यायची तर परवानगी लागायची आणि परवानगी मिळायची नाही. म्हणून आम्ही वाचनालय काढलं होतं. एक खोली, एक कपाट, एक सतरंजी, पुढं ओटा. तिथं आठ जण जमून वर्तमानपत्र वाचत, म्हणजेच सभा घेत. मी खासगी शाळेत मास्तर, म्हणून लिहिण्यावाचण्याचं काम माझ्याकडं. मी चिटणीस होतो.

पोटापाण्यासाठी अध्यक्ष अर्जनवीस होते. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली पेटी मांडून बसत आणि लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. हट्ट्याचा, शिरड शहापूरचा, कुठल्या कुठल्या तांड्यावरचा माणूस येऊन पुढं उकिडवा बसे. अध्यक्ष त्याचं सगळं ऐकून घेत आणि मग अशी विनवणी लिहीत की ऐकताना त्या माणसाच्याच डोळ्यांत पाणी यावं. दुसऱ्यासाठी पदर पसरायला त्यांची लेखणी कधी अडली नाही. स्वतःसाठी मात्र त्यांनी शेजाऱ्याकडं कधी विस्तवही मागितला नसेल.

वर्तमानपत्र वऱ्हाडातून येई. दोन-तीन दिवस शिळं, कधी कुणाच्या धान्याच्या पोत्यात, कधी वळकटीत लपून. अध्यक्ष ते उघडून आधी शेवटून दुसरं पान काढत. तिथं कोपऱ्यात सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातल्या पोटनिवडणुकांचे निकाल असत. मोठ्या निवडणुकीत त्यांना रस नव्हता.

"मोठ्या निवडणुकीत वारं आसतं, मास्तर," ते म्हणत. "वाऱ्यावर कोणीबी निवडून येतं. पोटनिवडणूक म्हंजे नाडी. अन् नाडी कोणाची? उमेदवाराची न्हाई, नेत्याची. उमेदवार पडला तर नेत्यानं समजावं, लोकायचं आपल्यावर मन ऱ्हायलं न्हाई. मुकाट उठावं."

कुठं कुणाचा उमेदवार पडला आणि नेता तसाच बसून राहिला की त्यांचा संताप बघण्यासारखा होई. ज्या पुढाऱ्यांना आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं आणि ज्यांना आमच्या गावाचं नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्यांना ते त्या सतरंजीवर बसून राजीनामे द्यायला लावत. "उठ की बाबा," असं वर्तमानपत्राला म्हणत. आम्ही एकमेकांकडं बघून हसू दाबायचो. आमच्या शाखेला पोटनिवडणूक कुठून येणार? पण ती आली.

गावच्या बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कमिटीत बहुतेक माणसं सरकारनं नेमलेली. लोकांनी निवडून द्यायच्या जागा मोजक्याच. त्यातली एक आमच्या माणसाकडं होती. तो पटकीच्या साथीत गेला आणि जागा रिकामी झाली. आमच्यातले वैद्य उभे राहिले. गावात त्यांच्या हातचा काढा प्यायला नाही असं घर नव्हतं. समोर जिनिंगवाल्यांचा जावई होता. त्याला तर गावातली निम्मी माणसं चेहऱ्यानंही ओळखत नव्हती. आम्ही अगदी बिनघोर होतो.

मतदानाच्या आठ दिवस आधी जिनिंगवाल्यांच्या घरून हळदीच्या अक्षता निघाल्या. लग्नाचं आवतण देतात तशीच. पुढं हलगी, मागं जावई, त्याच्या हातात ताट. ज्यांची मतं होती त्या प्रत्येक दारात तो गेला, उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या, हात जोडून म्हणाला, "कचेरीत यायचं बरं का, आमच्यासाठी."

मी धावत लिंबाखाली गेलो. "अध्यक्ष, आपल्यालाबी निघावं लागतं."

"कुठं?"

"घरोघर. आवतण द्यायला."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मत म्हंजे काय लगीन हाय का, मास्तर? ज्याला द्यायचं तो देईल. मत मागायचं नसतं. आपन मागितलं, त्यानं भिडंखातर दिलं, तर ते मत कोणाचं झालं? त्याचं न्हाई, आपलंबी न्हाई. भिडंचं झालं."

"पन लोक वाट बघून राहिलेत."

"कशाची? त्यायला तारीख माहीत हाय, जागा माहीत हाय. आग्रह करायचा न्हाई."

वैद्य बिचारे मधल्या मध्ये. त्यांची बायको घरी अक्षता करून बसली होती, त्या तशाच वाळल्या. मी दोनदा भांडलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. माझा स्वभाव मूळचाच तापट. मनात म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

मतदानादिवशी आमची माणसं आपापल्या ओट्यावर पान खात बसून राहिली. धुतलेलं धोतर, डोक्यावर पागोटं, सगळी तयारी करून बसलेली. कचेरी हाकेच्या अंतरावर. मी एका घरी जाऊन विचारलं, "काका, जायचं न्हाई व्हय?"

"आमाला कोणी आवतण दिलं न्हाई," ते अगदी शांतपणे म्हणाले. "बिगर आवतणाचं जायचं कसं? वैद्यबुवाला आमची गरज न्हाई असं वाटलं."

"मी आलो की आता."

"आता हातात पागोटं घेऊन पळत जायचं व्हय, मास्तर? कालच यावं का न्हाई?"

संध्याकाळी आमच्या वैद्यांना मिळालेली मतं दोन हातांच्या बोटांत मावली. अध्यक्षांनी कचेरीच्या भिंतीवर लावलेला उर्दू कागद दोनदा वाचला, चष्मा काढून त्याची घडी केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वाचनालयात नेहमीच्या वेळेला आले. आम्ही सगळे होतो. त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढून सतरंजीवर ठेवला. तीन ओळींचा राजीनामा, मराठीत, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात. कारण एकच लिहिलं होतं, पोटनिवडणुकीचा निकाल.

आता इथं मला जपून लिहायला हवं, कारण इथं माझा दोष आहे.

आमच्याकडं मोठं माणूस रागानं किंवा दुःखानं उठलं की त्याचा हात धरतात. तो सोडवून घेतो, पुन्हा धरतात. उठलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं. त्या खोलीतल्या आठही जणांना अध्यक्ष राहायला हवे होते. वैद्य, म्हणजे प्रत्यक्ष पडलेला उमेदवार, त्यांचे तर डोळे भरून आले होते. पण ज्या माणसानं आम्हाला वर्षानुवर्षं आग्रह करू दिला नव्हता, त्याचा हात धरायचा कसा? जो तो दुसऱ्याकडं बघू लागला. वैद्यांनी तोंड उघडलं, "अध्यक्ष, माझं ऐकता का..."

मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. चिटणिसाच्या आवाजात म्हणालो, "नियमाप्रमाणं राजीनामा वाचून दाखवतो. कोणाची हरकत?" आणि दोन श्वासही थांबलो नाही. "हरकत नाही. मंजूर."

हा नियम त्यांनीच शिकवलेला. राजीनामा आला की मनधरणी करायची नाही, वाचायचा, विचारायचं, लिहून ठेवायचं. मी त्यांचाच नियम पाळत होतो, असं पुढं पुष्कळांना सांगितलं. खरं हे की अक्षतांच्या भांडणाचा राग माझ्या मनात होता आणि 'मंजूर' म्हणताना मला क्षणभर बरं वाटलं.

अध्यक्षांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले. मग थोडा वेळ तसेच बसून राहिले. नियमाप्रमाणं आता त्यांना तिथं बसायचं काम नव्हतं, पण ते बसले होते. पंचा उचलला, पुन्हा ठेवला. आम्ही वह्यांकडं बघत होतो. मग ते उठले, वहाणा घातल्या आणि ओट्यावरून खाली उतरले. त्या बसण्याचा अर्थ लागायला मला वर्षं लागली.

पुढल्या बैठकीत आठ दिवसांनी मला अध्यक्ष केलं.

आणि मग एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. बाजारात कुणी "अध्यक्ष!" म्हणून हाक मारली की दोघं वळून बघायचे, मी आणि ते. ते लगेच मान फिरवत. "मी न्हाई आता. ते तिकडं हायेत," असं म्हणून माझ्याकडं बोट दाखवत. महिन्याभरात लोकांना सवय झाली. मग त्यांना काय म्हणायचं, हे कुणाला कळेना. नाव तोंडात बसलेलं नव्हतं. लोक "अहो" म्हणू लागले, मग नुसतं जवळ जाऊन बोलू लागले, आणि मग जवळ जाणंही कमी झालं. ज्याला हाक मारता येत नाही त्याच्याशी बोलणं हळूहळू सुटतंच. अर्ज लिहून घेणारे तेवढे येत.

वाचनालयात ते रोज येत, पण आत येत नसत. "आत बैठक आसती. आपन आता साधे मेंबर," म्हणून बाहेर ओट्यावर बसत. आमचं वाचून झालं की वर्तमानपत्र त्यांच्याकडं जाई, आणखी एक दिवस शिळं होऊन. ते शेवटून दुसरं पान काढत. आता त्यावर कुणाशी बोलत नसत. आतून आमचा आवाज, हसणं, चहाच्या बशा. दारातून मला त्यांची पाठ दिसायची. आत या, असं मी त्यांना पहिल्या दिवशी म्हटलं होतं. ते नाही म्हणाले. पुन्हा म्हटलं नाही.

माझी बायको मात्र त्यांना पहिल्यापासून भाऊ म्हणायची. तिची अडचण झाली नाही. सणावाराला ती मला त्यांना जेवायला बोलवायला लावी. एका पोळ्याला ते आमच्याकडं जेवत होते. हात ताटावर आडवा झाला. "बस. एकदा न्हाई म्हणलं म्हंजे न्हाई."

ती म्हणाली, "तुमचं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, भाऊ," आणि त्यांचा हात सरळ बाजूला करून तिनं पुरणपोळी वाढली. मला वाटलं, आता उठतात. ते खाली मान घालून बसले आणि ती अख्खी पोळी, तुपाच्या शेवटच्या थेंबापर्यंत, त्यांनी खाल्ली. तिनं आणखी एक वाढली, तीही खाल्ली.

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "त्यायला भूक आसती, कळलं का? हात ठिवायची नुसती सवय हाय."

"तुला काय कळतं त्यांचं?" मी म्हणालो. "तत्त्वाचा माणूस आहे."

"तत्त्वाच्या मानसाला पोट नसतं व्हय?"

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. गावात राहणं कठीण झालं होतं. रोज कुणाच्या तरी दाराला कुलूप दिसे. लोक बैलगाड्या जुंपून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात जात होते. आमच्या आठांपैकी सहा जण आधीच गेले होते. बायकोचं माहेर पलीकडं, म्हणून आम्ही आमच्याच भागातल्या गोरेगावच्या वाटेनं जायचं ठरवलं. गाडीत आणखी एका माणसाची जागा होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडं गेलो. ते एकटेच पेटीतले कागद लावत बसले होते.

"उद्या सकाळी निघून राहिलो," मी म्हणालो. "तुमीबी चला. जागा हाय गाडीत."

"मी कुठं येऊ?" ते म्हणाले. "हिथं कोण काय करतं मला? अर्ज लिहायला कोणी लागल का न्हाई?" आणि त्यांनी डावा हात वर केला, तळवा माझ्याकडं करून. समोर ताट नव्हतं, पण हात तोच. "एकदा न्हाई म्हणलं म्हंजे..."

"न्हाई," मी वाक्य पुरं केलं. दोघंही हसलो. मी निघालो.

घरी बायकोनं विचारलं, "येतात का भाऊ?"

"नाही म्हणाले."

"आन् तुमी काय म्हणलात?"

"काय म्हणणार? त्यांना आग्रह आवडत नाही."

ती बोचकी बांधायची थांबली. "पुन्यांदा जाऊन या. हात धरून आना. न्हाई तं मी जाते."

"आता पसारा किती पडलाय बघ," मी म्हणालो. "उद्या सकाळी जाता जाता बघू." सकाळी उशीर झाला होता. बैल अडून बसले होते, आणि त्यांची गल्ली उलट्या दिशेला पडत होती. गाडीतून ती तिकडं बघत होती. मी गाडीवानाला म्हणालो, "हाक गाडी."

भाद्रपदात निजामी संपली. आम्ही परत आलो तेव्हा गावात गुलाल उडत होता. ज्या पक्षाचं नाव आम्ही कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं त्याची सभा भर चौकात, भर दुपारी भरली होती. मी धुळीच्या पायांनीच तिथं गेलो. "ते दिसले न्हाईत कुठं," असं मी दोघातिघांना विचारलं. "येतील की," एक जण म्हणाला. "बोलवायला कोणी गेलं नसंल."

सभेत मला पुन्हा अध्यक्ष व्हा म्हणाले. मी नाही म्हणालो. म्हटलं, आता दुसऱ्या कुणाला तरी करा. लोकांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा हात जोडले. तिसऱ्यांदा वैद्यांनी माझा दंड धरला आणि मला उभं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हो म्हणालो. झेंडूचा हार गळ्यात पडला. तेव्हा एकदम आठवलं की हे सगळं त्यांच्यासाठी कुणीच केलं नव्हतं. मी तसाच, हारासकट, त्यांच्या गल्लीकडं निघालो. हार त्यांच्या गळ्यात घालायचा आणि हाताला धरून चौकात आणायचं, त्यांनी कितीही वेळा हात आडवा केला तरी, असं वाटेत मनाशी पक्कं करत होतो.

दार लोटलेलं होतं. शेजारची मुसलमान म्हातारी, बूबू, ओट्यावर बसून डाळ निवडत होती. माझ्याकडं, मग हाराकडं बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"उनो तो सावन में गुजर गए, मास्टर," ती म्हणाली. "चार रोज बुखार था. मैं चावल की गंजी करके देती थी. एक बार ना बोलते, मैं फिर देती, तो पी लेते थे. मैंने चार आदमी बुलाके सब करवाया. उनके रिवाज से."

मी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"तुम गाड़ी लेके गए ना, उस रोज बड़ी फजर से उनो बिस्तरा बांध के इधरइच बैठे थे. हिलतेच नहीं थे. मैंने पूछा, कहां जाते? तो बोले, गाड़ी आने वाली है." तिनं सुपातला एक खडा उचलून टाकला. "दोपहर तक बैठे. फिर अंदर गए."

मी आत गेलो. पेटी भिंतीशी होती, लेखणी तिच्यावर. त्यांचं अंथरूण नव्हतं. जमिनीवर एक पोतं पसरलेलं होतं आणि त्यावर डोक्याखाली घ्यायला विटेवर पंचा. दाराच्या मागं वळकटी उभी होती. दोरी दोन वेढे देऊन आवळलेली, गाठ पक्की. उरलेला उन्हाळा, आषाढभर आणि श्रावणात तापानं फणफणताना हा माणूस पोत्यावर निजला होता आणि ती गाठ त्यांनी सोडली नव्हती.

मी हार त्या वळकटीवर ठेवला आणि ती उचलून घरी आणली. बायकोनं दारातच बघितली. बूबूनं सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. त्या दिवशी तिनं एक पान जास्त वाढलं, वळकटीसमोर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या, भाऊ." मग पुन्हा एकदा म्हणाली. मग तिसऱ्यांदा.